आतुरतेनं, म्हणजे नक्की कसं?

विशेषणाला 'ली' लावला की क्रियाविशेषण होतं, असं शाळेत बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. स्लो, स्लोली. हॅपी, हॅपिली. आम्ही वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत मार्क मिळवले आणि विसरून गेलो. ह्या 'ली'वाल्या शब्दांत एवढं काही असेल असं त्या वयात वाटणंच शक्य नव्हतं. आता मात्र माझं ठाम मत झालं आहे की, ही क्रियाविशेषणं म्हणजे फोडणीतला हिंग. चिमूटभरच लागतो, पण चुकीचा पडला की सगळ्या आमटीचा वास बदलतो.

तुम्ही म्हणाल, आम्हां घरातल्या बायकांना इंग्रजी क्रियाविशेषणं कशाला? अहो, लागतात! नातवंडांच्या शाळेतल्या बाईंना चिठ्ठी लिहायची असते. परदेशी गेलेल्या भाच्याच्या गोऱ्या बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या असतात. सोसायटीच्या गटावर कुणाला बढती मिळते, कुणाचं लग्न ठरतं, आणि तिथे गुजराती, तमिळ, बंगाली सगळेच असल्यामुळे इंग्रजीवाचून गत्यंतर नसतं. आमच्याकडे तर सूनच कोट्टयमची. ती मराठी झकास शिकली, पण विहीणबाईंना मराठी येत नाही आणि मला मल्याळम येत नाही. तेव्हा आम्ही दोघींनी आपापली शाळेतली इंग्रजी झाडूनपुसून बाहेर काढली आहे. तिच्यावर आमचं बरं चाललंय.

अडतं ते एकाच ठिकाणी. 'आम्ही तुमची आतुरतेनं वाट पाहतोय' हे इंग्रजीत कसं म्हणायचं? शब्दकोश उघडा. 'ईगरली'पुढे लिहिलेलं असतं, उत्सुकतेनं, आतुरतेनं. 'अँक्शसली'पुढे बघा, चिंतेनं, आणि पुढे स्वल्पविराम देऊन पुन्हा आतुरतेनं. झालं! आपल्याला वाटतं दोन्ही एकच. हाताला येईल तो घ्यावा.

पण एक नाहीत हो ते. एस.टी. स्टँडवर दोघीजणी उभ्या आहेत असं समजा. एकीची धाकटी बहीण दिवाळीला येणार आहे. दुसरीचा नवरा तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीचा रिपोर्ट आणायला गेलाय. दोघी रस्त्याकडे बघताहेत, दोघी दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहताहेत. मराठीत दोघीही आतुरतेनं वाट पाहताहेत. इंग्रजीत मात्र पहिली 'ईगरली' वाट बघते आणि दुसरी 'अँक्शसली'. पहिलीच्या पोटात आनंद आहे, दुसरीच्या पोटात गोळा.

आता इंग्रज लोक स्वतः काही फार सोवळं पाळतात असं नाही. 'अँक्शस' हा शब्द नुसत्या उत्सुकतेच्या अर्थानं अठराव्या शतकापासून वापरात आहे आणि त्यांच्या शब्दकोशांनी तो अर्थ नोंदवलेला आहे. शिस्तीचे मास्तर लोक त्यावर अजून नाक मुरडतात. कोण बरोबर, हे त्यांचं ते बघून घेतील. आपल्यापुरतं इतकंच की, ज्याला पत्र लिहायचं त्याच्या कानाला 'अँक्शसली' शब्दात काळजी ऐकू येते. आपल्या मनात नसली तरी येते.

ह्याला कारण त्या शब्दांची घराणी. 'अँक्शस' आला लॅटिनमधून. तिथल्या मूळ धातूचा अर्थ आवळणं, गळा दाबणं. छातीत कळ येते त्या आजाराला डॉक्टर 'अंजायना' म्हणतात ना, तो शब्द ह्याच कुळातला. म्हणजे 'अँक्शसली' वाट पाहणं म्हणजे घशाशी आवंढा धरून वाट पाहणं. 'ईगर' आला फ्रेंचमधून, आणि तिथे त्याचा अर्थ होता तीक्ष्ण, आंबट! आपल्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर म्हणजे मुळात 'आंबट झालेली वाइन', आणि त्यातला 'नेगर'चा शेवटचा तुकडा म्हणजेच हा 'ईगर'. चिंच नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं की नाही? 'ईगरली'त तशीच मजा आहे. 'कीनली' हाही त्यातलाच. सुरीला धार असते तिलाही 'कीन' म्हणतात.

आणि 'एन्थुझिअ‍ॅस्टिकली'? ह्याचं मूळ वाचलं तेव्हा मला हसूच आलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ, ज्याच्या आत देव आहे असा. म्हणजे आपल्याकडे अंगात येतं तेच की! इंग्लंडात सतराव्या शतकात एखाद्याला 'एन्थुझिअ‍ॅस्ट' म्हणणं ही चक्क टीका होती. देव माझ्याशीच बोलतो असं समजून घुमणारा माणूस, असा त्याचा अर्थ. पुढे अंगातला देव गेला आणि नुसता उत्साह उरला. तेव्हा हा शब्द हातापायांच्या कामासाठी ठेवावा. बायका 'एन्थुझिअ‍ॅस्टिकली' भोंडल्याचा फेर धरतात हे ठीक. पण कुणी 'एन्थुझिअ‍ॅस्टिकली' वाट पाहत नाही. वाट पाहताना माणूस बसलेला असतो.

इंग्रजीची ही गंमत बघता बघता मी आपल्या शब्दांकडे वळले, तर इथेही तोच प्रकार. संस्कृतात 'आतुर' म्हणजे मुळी आजारी, पीडित! वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत रोग्याला आतुर म्हणतात. मरणाच्या दारातल्या माणसाला देतात तो आतुरसंन्यास, हे आपण ऐकलेलं असतं, पण दोन्ही आतुर एकच हे कधी डोक्यात येत नाही. सूनबाईंनी सांगितलं, मल्याळममध्ये रुग्णालयाला आजही 'आतुरालयम्' म्हणतात. 'उत्कंठा' तर चित्रच आहे, कंठ उंच करून, मान ताणून बघणं. उंबऱ्यावर टाचा उंचावून कोपऱ्यापर्यंत नजर टाकणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते. इंग्रजांचा गळा आवळतो, आपला उंचावतो, एवढाच फरक.

मग मराठीत ह्या दोन तऱ्हांचा भेद होतच नाही का? होतो. पण आपण तो एका शब्दानं करत नाही, वाक्प्रचारानं करतो. मुलाचा बारावीचा निकाल असला की आपण 'देव पाण्यात घालून' बसतो. पाऊसपाण्याच्या रात्री घरचं माणूस आलं नाही की जीव 'टांगणीला' लागतो, 'खालीवर' होतो. आणि माहेरी जायचं असलं की, 'कधी एकदा गाडीत बसते असं झालंय' म्हणतो. ह्यात कुणाची गल्लत होईल? लग्नाची खरेदी करायला निघालेली मुलगी देव पाण्यात घालून बसली, असं कुणी म्हणेल का?

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. इंग्रजी लिहायच्या आधी मनात मराठी वाक्प्रचार म्हणून बघायचा. 'देव पाण्यात' म्हणावंसं वाटलं तर 'अँक्शसली'. 'कधी एकदा' म्हणावंसं वाटलं तर 'ईगरली'. चातकासारखी वाट असेल, म्हणजे पाऊस येणार हे ठाऊक आहे पण घसा कोरडा पडलाय, तरीही 'ईगरली'च. चातकाला आशा असते, चिंता शेतकऱ्याला.

ह्याच मिसळणाच्या डब्यात आणखी काही वाट्या आहेत, त्याही सांगून टाकते.

'इम्पेशन्टली' म्हणजे अधीरपणे. हा शब्द स्वतःबद्दल थट्टेनं वापरला तर गोड लागतो. 'नातवंडं कैऱ्या पिकायची इम्पेशन्टली वाट बघताहेत' असं खुशाल लिहावं. दुसऱ्याला उद्देशून वापरला की त्यात तक्रार शिरते. बँकेला किंवा दुकानदाराला लिहिताना तक्रारच करायची असेल तर गोष्ट वेगळी.

'डेस्परेटली' जपून वापरावा. त्याच्या मुळाशी 'आशा सुटलेली' असा अर्थ आहे. हल्ली तरुण मुलं 'डेस्परेटली वेटिंग फॉर द पिक्चर' असं सर्रास म्हणतात. त्यांच्या तोंडी ते शोभतं. पण लग्नाच्या आमंत्रणावर 'वुई आर डेस्परेटली वेटिंग' असं लिहून आलं तर वाटतं, ह्यांच्याकडे मांडवात बसायला माणसंच नाहीत की काय!

'होपफुली' हा भांडखोर शब्द. त्याचा जुना अर्थ 'आशेनं'. पण गेल्या शतकात तो वाक्याच्या आरंभी बसून 'बहुतेक, देवाच्या दयेनं' अशा अर्थानं सगळीकडे पसरला, आणि त्यावरून भाषेच्या जाणकारांत अनेक वर्षं वाद झाला. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेनं २०१२ साली आपल्या लेखननियमांत ह्या नव्या अर्थाला मान्यता दिली. तेव्हा वापरायला आता हरकत नाही. मात्र 'होपफुली, वुई विल कम' म्हटलं की 'बघू जमलं तर' एवढंच समोरच्याला कळतं. जायचं नक्की असेल तर तो गाळावा.

'विथ बेटेड ब्रेथ', म्हणजे श्वास रोखून. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातून हा प्रयोग आला. तिथे तो उत्कंठेचा नसून दबून, लाचारीच्या सुरात बोलण्याचा आहे. आजचा अर्थ मागाहून चिकटला. नाटकाच्या तिसऱ्या अंकाला ठीक. हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला फारच भारी.

आणि कचेरीच्या पत्राला ह्यांपैकी काहीच नको असतं. तिथे 'आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' एवढं पुरतं. त्यात 'हिअर' नाही, 'हिअरिंग', एवढं ध्यानात ठेवलं की काम झालं. 'ईगरली' घातलं तर उलट आपलीच गरज जास्त दिसते. नोकरीचा अर्ज करणाऱ्या लेकीला हे जरूर सांगावं.

आता एवढी वाटण्याघाटणी मी कशासाठी केली, ते सांगते. आमच्या सूनबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी कोट्टयमला गेल्या होत्या. डॉक्टरांनी तारीख दिली होती जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. तारीख आली आणि गेली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिकडे धो धो पाऊस, इकडे आमचा जीव खालीवर.

तसं पाहिलं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. ही तारीख म्हणजे शेवटच्या पाळीपासून चाळीस आठवडे मोजून काढलेला अंदाज. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी मुलं शंभरात चार-पाच. बाकीची चार दिवस अलीकडे नाहीतर पलीकडे, आणि पहिलटकरणीचं तर पुष्कळदा पलीकडेच. तारीख उलटल्यावर डॉक्टरांची तपासणी मात्र वेळच्या वेळी हवी, आणि ती चालू होती. पण हे सगळं कागदावर. नातेवाइकांच्या हातात हल्ली फोन असतो. तिच्या फोनवर दिवसातून वीस-वीस निरोप यायचे. काय झालं? काही बातमी? 'ईगरली वेटिंग!' पुढे तीन-तीन उद्गारचिन्हं.

चौथ्या दिवशी रात्री तिनं मला लिहिलं, "आई, सगळे ईगरली वाट बघताहेत. अँक्शस फक्त मी आहे."

मी तो निरोप दोनदा वाचला. आमच्या ह्यांना दाखवला. ते लगेच उत्तर लिहायला बसले, कारण इंग्रजीचा कारभार घरात त्यांच्याकडे, असं ते समजतात. लिहून मला वाचून दाखवलं, 'वुई आर ऑल्सो अँक्शसली वेटिंग.'

"अहो, हे पाठवू नका," मी म्हटलं.

"का? आपण काळजीत नाही आहोत का?"

"आहोत. पण ती काळजी तिच्या अंगावर कशाला टाकायची? तिला आधीच नऊ महिन्यांचं ओझं आहे."

"मग ईगरली लिहितो."

तेही मला नको होतं. एरवी किती चांगला शब्द! पण त्या दिवशी तो तिला सावकारासारखा वाटत असणार. दारात वाट पाहणाऱ्यांची रांग, आणि दार उघडणं तिच्या हातात नाही. मग मी डबा उघडून एकेक वाटी बघितली. 'इम्पेशन्टली' तर दूरच ठेवला. 'होपफुली'त शंका आली. 'पेशन्टली' एक क्षण बरा वाटला, धीर धरून. पण धीर धरतो असं सांगणारा माणूस, आपण किती सोसतोय हेही हळूच सांगत असतो. इंग्रजीत रोग्यालाही 'पेशंट'च म्हणतात. दोन्हींचं मूळ सोसणं. ती सोसत असताना मी कुठलं सोसणं मिरवायचं?

शेवटी मला सापडला तो अगदी साधा शब्द. दुसरी-तिसरीतल्या मुलालाही येईल असा. 'ग्लॅडली.' आनंदानं, राजीखुशीनं. मी लिहिलं, 'वुई विल ग्लॅडली वेट. टेक युअर टाइम, बोथ ऑफ यू.' आम्ही खुशीनं थांबू. तुम्ही दोघं सावकाश या.

हे म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

पाचेक मिनिटांत तिचा फोन आला. आवाज रडवेला होता, पण हसत होती. म्हणाली, "आई, आज पहिल्यांदा कुणी घाई केली नाही." मग बराच वेळ आम्ही भलतंच काहीतरी बोलत बसलो. फणसाच्या गऱ्यांबद्दल, तिच्या आईनं केलेल्या पेजेबद्दल, पावसानं वाळत न घातलेल्या दुपट्यांबद्दल. बाळाचं नावही काढलं नाही.

नात त्यानंतर दोन दिवसांनी आली. तीन किलोची, भरपूर जावळ असलेली, आणि उशिरा आल्याबद्दल जराही खंत नसलेली!

पुढे विहीणबाईंशी निवांत बोलताना हा विषय निघाला. मला त्या 'चेची' म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. मी विचारलं, तुमच्या भाषेत वाट पाहण्याला काय म्हणतात? त्या म्हणाल्या, 'कात्तिरिक्कुक'. त्याचे दोन तुकडे त्यांनी मला फोड करून सांगितले, राखण करत आणि बसणं. राखण करत बसणं म्हणजे वाट पाहणं. मला तो शब्द फार आवडला. मग मी 'वेट'चं मूळ पाहिलं, तर तेही जुन्या फ्रेंचमधल्या पहारा देणं, नजर ठेवणं ह्या अर्थाच्या शब्दातून आलेलं. आणि आपण तर वाट 'पाहतो'च. कोट्टयमच्या आजीनं त्या आठ-दहा रात्री लेकीच्या उशाशी बसून केलं ते हेच. त्याला ईगरली म्हणा की अँक्शसली, तिला विचारायला फुरसत नव्हती.

त्यांच्याकडे बारसं अठ्ठाविसाव्या दिवशी करतात. आमंत्रणाचा इंग्रजी मसुदा त्यांनी आधी माझ्याकडे पाठवला, काही सुधारायचं असेल तर सांगा म्हणून. शेवटच्या ओळीत 'वुई ईगरली अवेट यू' असं होतं. मी काहीही बदललं नाही. पाळणा सजलेला आहे, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत आणि पाहुण्यांनी लवकर यावं असं खरोखरच वाटतंय. अशा वेळी हाच शब्द हवा.